नंबर सांगा, मावशी

ओट्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला.

"केकवर काय लिहू, मॅडम?"
"ऋतू. फक्त ऋतू."

उजवा डोळा उणे साडेतीन. डावा उणे तीन.

पेन ड्राइव्हला हळद-कुंकू नीट लागत नाही. प्लास्टिकवरून निसटतं.

बूट, काळे, दहा नंबर. दुकानात हे माप नसतं, मागवावं लागतं.

महाराजांच्या दाढीवर तेज होतं. किंचित निळसर.

सात कप्प्यांची डबी. गुरुवारचा कप्पा भरलेला.

"नंबर सांगा, मावशी. बिलाला लागतो."

हे तुकडे आत्ता असेच पडू द्या. ते आपसात जुळत नाहीत. त्यांना कोणीतरी जोडतं, तेव्हा चमत्कार होतो. आपण आधी गर्दीत शिरू.

*

बीड बायपासवरच्या एका लग्नाच्या लॉनवर दर गुरुवारी त्रिकाळ महाराजांचा दरबार भरायचा. स्टेज लग्नाचाच. मागची 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं भगव्या कापडाखाली झाकलेली, पण वारा आला की 'वाह' तेवढं बाहेर डोकवायचं. क्रांती चौकात महाराजांचं भलंमोठं होर्डिंग होतं आणि त्यावर एकच ओळ: 'काळ तीन, कपाळ एक.' याचा अर्थ काय, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे ते खोल वाटायचं.

"बाळा, मला काही सांगू नकोस," महाराज म्हणायचे. "सांगतो तो रोगी, विचारतो तो वैद्य. मी फक्त वाचतो!"

समोर लाल कापडात गुंडाळलेली पोथी उभी असायची. तिचं पान कधी कोणी उलटलेलं पाहिलं नाही. महाराज खाली वाकायचे, पोथीतलं तेज त्यांच्या दाढीवर पडायचं आणि माणसाच्या आयुष्याचा पाढा सुरू व्हायचा. ते समोरच्याच्या तोंडाकडे बघतही नसत.

"वैजापूरहून आलास. उजव्या कानात शिट्टी वाजते. आणि दिवाळीला सफारी शिवलीस, तीही निळी!"

समोर बसलेले कारभारी हे कांद्याचे आडते. ते जागेवरच उभे राहिले.

"आयला! निळीच हाय!"

"काळ तीन!" महाराज गर्जले.

"कपाळ एक!" लॉन गर्जलं.

ज्या शक्तीनं सूर्यचंद्र फिरते ठेवले, तिला कारभारींच्या सफारीचा रंग लक्षात ठेवायला सवड कशी मिळते, असं कोणालाही वाटलं नाही. शिवाय महाराज पैसे घेत नसत. दानपेटी नाही, पावती नाही. "बघा, एक रुपया नाही!" लोक एकमेकांना सांगत. फसवणारा पैसेच घेतो, एवढीच आपली फसवणुकीची ओळख.

*

द्वारकाबाई पहिल्यांदा तिथं गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा ऋतुराज जाऊन वर्ष होत आलं होतं.

ऋतुराजला आकडी यायची. लहानपणापासून. ही गोष्ट घरातल्या तिघांनाच ठाऊक होती: आईला, त्याला आणि लग्नाआधीच त्यानं सांगून टाकलं म्हणून त्याच्या बायकोला, श्रेयाला. गोळ्यांवर सगळं नीट चाललं होतं. सात कप्प्यांची डबी द्वारकाबाई भरायच्या. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि गोळी घशाखाली गेल्याशिवाय हलायच्या नाहीत. एका गुरुवारी त्या वैजापूरला भाच्याच्या मुलीच्या बारशाला गेल्या होत्या. श्रेयाची क्लासमध्ये शिकवायची सकाळची बॅच होती. फोन करून आठवण द्यायची, हे द्वारकाबाईंच्या मनात होतं, पण पाळणा म्हणायची वेळ झाली आणि राहून गेलं. ऋतुराज स्कूटरवरून कामावर निघाला, जालना रोडच्या पुलाखाली त्याला आकडी आली आणि गाडी दुभाजकावर गेली.

रात्री घरी आल्यावर द्वारकाबाईंनी डबी उघडली. गुरुवारचा कप्पा भरलेला होता.

तेव्हापासून त्या कमी बोलू लागल्या. ऋतुराजचा फोन मात्र त्यांनी चालू ठेवला. तो लोकरीच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला असायचा. रिचार्ज संपायच्या आत त्या श्रेयाच्या मागे लागत. "बंद पडला तर दुसऱ्याला देत्यात म्हणं नंबर," त्या म्हणायच्या. "त्याच्या नंबरावर दुसरंच कुणी बोललं तर?"

दरबाराच्या दारात सेवेकऱ्यानं विचारलं, "नंबर सांगा, मावशी."

द्वारकाबाईंना जगात एकच नंबर पाठ होता. तो त्यांनी सांगितला.

*

महाराज पोथीवर वाकले.

"उजवा डोळा अधू. उणे साडेतीन."

द्वारकाबाईंना चष्मा नव्हता. सुईत दोरा त्या अजून एका झटक्यात ओवायच्या.

"पाय मोठा. दहा नंबरचा बूट."

लॉनवर हसू फुटलं. सुपारीएवढी बाई आणि दहा नंबरचा बूट! महाराजांच्या कपाळावर घाम आला. ते आणखी खाली वाकले.

"आकडीची गोळी... सकाळी एक, रात्री एक..."

द्वारकाबाईंनी किंकाळी फोडली.

"ऋतू," महाराजांनी वाचलं.

"ऋतुराज! माझा ऋतुराज हाय त्यो! गेलं माझं लेकरू, महाराज!"

महाराजांचं एक कौतुक केलं पाहिजे. माणूस हजरजबाबी होता. त्यांनी डोळे मिटले, मान गरगर फिरवली आणि बारीक आवाज काढला. "आई... मी आलोय, आई..."

 द्वारकाबाईंनी विचारलं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"गोळी माझ्यामुळं राह्यली का रे? मी फोन नाय केला म्हणून?"

"आई," तो आवाज म्हणाला, "तुझी चूक नाही."

कितीतरी महिन्यांनी त्या रात्री द्वारकाबाई पोटभर जेवल्या.

*

श्रेया कुठलाही महाराज मानत नव्हती. गारखेड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती डेटाबेस शिकवायची. पण सासूच्या ताटातली भाकरी संपताना बघून ती पहिले काही आठवडे गप्प राहिली. खालच्या मजल्यावर साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या जमिला खाला तिला म्हणाल्या, "जाने दे ना बेटा. रोती थी, अब हसती हय."

मग एका गुरुवारी द्वारकाबाई घरी आल्या आणि त्यांनी फ्रिजमधलं स्वतःचं इन्सुलिन काढून कचऱ्यात टाकलं.

"आई! हे काय?"

"पायाच्या अंगठ्याचं विचारलं, तर ऋतुराज म्हणला. म्हणला, गोळ्या-विंजेक्शनांनी माझं काय भलं झालं? तू नको घेऊ, आई. महाराजांचं चूर्ण घे."

"आई, तुमची साखर चारशेला जाते. अंगठ्याला जखम आहे."

"मेलेलं पोर सांगतंय मला, आन तू जित्ती असून आडवी येती!"

श्रेया हरली. वाद घालायला समोर महाराज असते तर ती जिंकली असती. समोर तिचाच नवरा होता. आठवड्याभरात अंगठा काळवंडला. डॉक्टर म्हणाले, साखर आवरली नाही तर आधी अंगठा, मग पाऊल, मग आपल्या हातात काही नाही.

श्रेयाला एक गोष्ट छळत होती. आकडीचं महाराजांना कळलं कसं? घरात तिघं होती. एक मेला होता, एकीनं सांगितलं नव्हतं. आणि तिसरी ती स्वतः.

*

"लिहून घ्या," श्रेयानं फळ्यावर चौकोन काढला. "रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय? सगळं एकाच मोठ्या तक्त्यात कोंबायचं नाही. एका तक्त्यात एका प्रकारची गोष्ट. माणसं एका तक्त्यात, त्यांची बिलं दुसऱ्यात. आडवी ती ओळ, एका ओळीत एक माणूस. उभा तो रकाना: नाव, गाव, वाढदिवस."

"मग बिल कोणाचं ते कसं कळणार, मॅडम?" मोनिकानं विचारलं.

"प्रत्येक माणसाला एक किल्ली द्यायची. तिला प्रायमरी की म्हणतात. बिलाच्या तक्त्यात त्याचं सगळं पुराण पुन्हा लिहायचं नाही, फक्त ती किल्ली लिहायची. तिथं तिला फॉरेन की म्हणतात. किल्ली जुळली, की दोन तक्त्यांतल्या ओळी शेजारी येतात. याला जॉइन म्हणतात. तक्ते दोन असोत नाहीतर पन्नास."

"आणि रकाना रिकामा असला तर?"

"त्याला नल म्हणतात. नीट ऐका, इथं सगळे चुकतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'नाही' असंही नव्हे. नल म्हणजे माहीत नाही."

"मॅडम, किल्ली म्हणून नाव चालेल?"

"या वर्गातच दोन कृष्णा आहेत. कोणाच्या मार्कांनी कोण पास होईल?"

वर्ग हसला. मोनिका म्हणाली, "मग मोबाईल नंबर? तो तर प्रत्येकाचा वेगळा असतो. दुकानात पण तोच विचारतात."

"तिथंच घोटाळा होतो," श्रेया फळ्याकडे वळली. "किल्ली कधी बदलायला नको, आणि एका किल्लीवर एकच माणूस हवा. मोबाईल घरात दोघं वापरतात. माणूस नंबर बदलतो. जॉइनला माणूस दिसत नाही, त्याला फक्त किल्ली दिसते. समजा एखादा माणूस गेला आणि त्याचा नंबर त्याची आ..."

मार्कर फळ्यावर टेकलेलाच राहिला. तिथं एक काळा ठिपका मोठा होत गेला.

"मॅडम?"

तिनं वर्ग सोडला नाही. तिनं फळा पुसला आणि विद्यार्थ्यांना न समजणारं काहीतरी त्यावर लिहिलं:

चष्म्याचं दुकान: मोबाईल, उजवा, डावा.
चपलांचं दुकान: मोबाईल, माप.
केकवाला: मोबाईल, वर काय लिहायचं.
मेडिकल: मोबाईल, गोळी, कितीदा.

दरबारातून आल्यावर द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं होतं. महाराज म्हणाले होते, 'ऋतू.' द्वारकाबाईंनी त्याला जन्मात कधी ऋतू म्हटलं नव्हतं. त्या त्याला बुटक्या म्हणायच्या. चौथीपर्यंत तो वर्गात सगळ्यात बुटका होता, पुढं सहा फुटांचा झाला तरी घरात बुटक्याच राहिला. ऋतू हे श्रेयानं त्याला ठेवलेलं नाव होतं. ते एकदाच घराबाहेर गेलं होतं, केकवर.

*

कोपऱ्यावरचं मेडिकल अभयचं. शाळेपासूनचा ऋतुराजचा मित्र. काउंटरमागे महाराजांचा फोटो, त्याला ताजा हार.

"अभयभाऊ, तुमच्या बिलांच्या कॉम्प्युटरमधली माहिती कोणी मागतं का हो?"

"मागत कोणी नाही, वहिनी. आपण वाहतो," अभय अभिमानानं म्हणाला. "माहितीदान! अन्नदान असतं, रक्तदान असतं, तसं. आम्ही सगळे दुकानदार भक्त गुरुपौर्णिमेला पेन ड्राइव्ह घेऊन जातो. हळद-कुंकू लावायचं, पायाशी ठेवायचं. महाराज म्हणतात, तुमच्या गिऱ्हाइकांच्या सुखासाठी मी जप करतो, मला फक्त नावं द्या. एक रुपया घेत नाहीत, वहिनी!"

"नावंच देता? की औषधंही?"

"अख्खी फाईलच जाते ना. त्यातनं नावं कोण वेगळी काढत बसणार?"

"ऋतुराजच्या गोळ्या तुमच्याकडूनच यायच्या."

अभयच्या हातातली गोळ्यांची पट्टी काउंटरवर पडली. 

"मी कुणाला बोललो नाही, वहिनी. आईशप्पथ. माझ्या बायकोला पण नाही."

"मला माहितीये," श्रेया म्हणाली. त्यानं खरंच कोणाला सांगितलं नव्हतं.

*

द्वारकाबाईंना जॉइन समजावून काय उपयोग? श्रेयानं दुसरी वाट धरली.

"आई, एकदाच माझं ऐका. या गुरुवारी ऋतुराजचा फोन जमिला खालांच्या हातात द्या. तुम्ही नवीन सिमचा नंबर सांगा."

"कशापायी?"

"तो तिथं असेल तर फोनला नाही, तुम्हाला ओळखेल."

"वळखंल म्हंजे? पोटात वाढला त्यो माझ्या, फोनात वाढला का?"

"ओळखलं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. दर गुरुवारी तुमच्याबरोबर मी पण येईन."

"आन नाय वळखलं तर?"

"तर त्याच संध्याकाळी इन्सुलिन."

द्वारकाबाईंनी पायाच्या फडक्याकडे बघितलं. मग गळ्यातली लोकरीची पिशवी काढली, फोन पदरानं पुसला आणि जमिला खालांच्या हातात ठेवला.

"जपून धर गं. वळखंल त्यो."

"मेरेकू उधर करना क्या हय?" जमिला खालांनी विचारलं.

"काही नाही, खाला. नुसतं बसायचं. बोलायचं अजिबात नाही."

"या अल्ला. लई मुश्किल काम दी गे तू."

*

दारातल्या सेवेकऱ्यानं मान वर केली नाही. जमिला खालांनी नंबर सांगितला, त्यानं टाइप केला. पडद्यावर आलं: जुना भक्त. "पुढं चला." द्वारकाबाईंनी श्रेयानं चिठ्ठीवर लिहून दिलेला नवा नंबर दाखवला. "नाव? गाव? पुढं चला."

आधी द्वारकाबाईंची पाळी आली. त्या महाराजांच्या समोर बसल्या, पोथीपासून हातभर अंतरावर, डोळ्यांत जीव आणून. महाराज वाकले. पोथीत आज काहीच नव्हतं. नवा नंबर कुठल्या दुकानात गेला नव्हता, त्यानं चष्मा घेतला नव्हता, केक कापला नव्हता.

"माते, पहिल्यांदाच आलीस," महाराज म्हणाले. "मनात एक गाठ आहे. घरातल्या एका व्यक्तीशी पटत नाही. पाठ भरून येते. बरोबर?"

द्वारकाबाई उठून श्रेयाशेजारी येऊन बसल्या.

"गर्दी हाय," त्या पुटपुटल्या. "दमला असंल."

मग जमिला खाला. करड्या ओढणीचा पदर कपाळापर्यंत ओढून त्या बसल्या. महाराज वाकले. निळसर तेज दाढीवर पडलं. मान गरगर फिरली.

"आई... मी आलो, आई. तुझा ऋतू."

जमिला खालांनी ओढणी तोंडात धरली.

"चूर्ण घेतेस ना, आई? अंगठा बरा आहे ना?" आणि मग तोच बारीक आवाज, तीच ओढ, शब्दाला शब्द: "आई, तुझी चूक नाही."

श्रेयानं सासूकडे बघितलं नाही. तिला ते जमलं नाही.

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडकं.

"महाराज."

"मावशी, तुमचं झालं. बसून घ्या," एक सेवेकरी म्हणाला.

"मी माझ्या पोराला घरात काय म्हणत व्हते?"

महाराजांनी डोळे उघडले. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी द्वारकाबाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग सवयीनं खाली पोथीकडे. पोथीत तो रकाना नव्हता. कोणत्याही दुकानानं ते कधी विचारलं नव्हतं.

"माते, आत्म्याला नाव नसतं."

"मंग आई कशी असंल?"

 द्वारकाबाई एक पाऊल पुढं लंगडल्या. आवाज चढला नाही.

"मी इथं बसले व्हते. तू त्या बाईला आई म्हणलास."

इतका वेळ गप्प बसणं जमिला खालांना झेपलं, हाच त्या दिवशीचा खरा चमत्कार. त्यांनी हात लांबवला आणि पोथीचं लाल कापड एका हिसक्यात ओढलं.

"देखो लोगो! क्या वाचरा ये बाबा!"

आत टॅब होता. पडद्यावर एक ओळ उजळली होती: ऋतुराजचा नंबर, ऋतू, उणे साडेतीन, दहा नंबर, गोळी सकाळी एक रात्री एक, चूर्ण, अंगठा. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, पहिल्या दरबारानंतर एखाद्या सेवेकऱ्यानं भरलेला: 'आई येते. मुलगा बोलतो असे भासवावे. तुझी चूक नाही असे म्हणावे.'

श्रेयानं सगळं मोठ्यानं वाचलं. शेवटचा रकाना तिनं वाचला नाही.

*

सेवेकरी धावले, पण कारभारी मध्ये आडवे आले. दोन हात पसरून.

"थांबा रे! बाईला बोलू द्या. आन मॅडम, माझी सफारी? ती तर खरी व्हती!"

"खरीच होती, काका. कापडाच्या दुकानात मोबाईल नंबर दिला होता?"

"दिला व्हता. सूट मिळंल म्हणले."

"कानाचं औषध घेतलं तिथं?"

"तिथं पण..." कारभारी खाली बसले. "आयला. म्हंजे मीच सांगितलं व्हय सगळं."

"तुम्ही थोडंथोडं सांगितलं. वेगवेगळ्या ठिकाणी," श्रेया म्हणाली. वर्गात शिकवावं तसं ती शिकवत राहिली. "एका दुकानाला तुमचा कान माहीत, एकाला सफारी, एकाला गाव. एकेकट्या दुकानाला तुम्ही माहीत नसता. पण सगळीकडे एक रकाना सारखा असतो, तुमचा नंबर. तो धरून सगळे तक्ते जोडले, की तुमची अख्खी ओळ तयार होते. यात दैवी काही नाही. मी हे रोज शिकवते. बँका वापरतात, रेल्वे वापरते, दवाखाने वापरतात. उपयोगाची गोष्ट आहे. पण या यंत्राला माणूस ओळखता येत नाही. नंबर माझ्या मेलेल्या नवऱ्याचा होता, आला होता आईच्या हातात. म्हणून यंत्रानं आईला दहा नंबरचा बूट घातला. चूक यंत्राची होती. त्या चुकीचा या माणसानं आत्मा केला."

"पण आमच्या भाबड्या मनाला बरं वाटत होतं ना," मागून एक बाई रडत म्हणाली. "तुमचं काय जात होतं?"

श्रेयानं सासूच्या पायाकडे बोट दाखवलं.

मग ती एवढंच म्हणाली, आणि मलाही या गोष्टीत सांगायचं ते एवढंच आहे: कोणी तुमच्याबद्दल खरं सांगितलं म्हणून पायावर पडू नका. आधी विचारा, तुला हे कुठून कळलं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. दुकानात नंबर मागितला तर विचारा, कशाला? आणि औषध सोडायला सांगणारा देव असो, बाबा असो की तुमचं स्वतःचं मेलेलं माणूस असो, आधी डॉक्टरला विचारा.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पहिली सही अभयची होती. क्रांती चौकातलं होर्डिंग उतरलं आणि त्या जागी पाण्याच्या टाक्यांची जाहिरात लागली. द्वारकाबाईंचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

*

त्या गुरुवारी संध्याकाळी मात्र अजून यातलं काही झालेलं नव्हतं. दोघी घरी आल्या. द्वारकाबाईंनी न बोलता पोटावरचा पदर बाजूला केला. श्रेयानं इन्सुलिन दिलं.

"ते तुझी चूक नाय म्हणला, ते?" द्वारकाबाईंनी विचारलं. "ते पण लिव्हलेलं व्हतं?"

श्रेयाला खोटं बोलता आलं असतं.

"हो, आई."

पदर पुन्हा नीट करत द्वारकाबाई म्हणाल्या, "मंग गोळी घेतली नसंल त्यानं."

"माहीत नाही, आई."

"डबीत व्हती ना गोळी. नाय घेतली म्हण."

"नाही असं नाही म्हणता येत. माहीत नाही. गोळी घेऊनही कधीकधी आकडी येते, डॉक्टर म्हणाले होते. आपल्याला कधीच कळणार नाही."

"लई अवघड हाय गं हे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो."

श्रेया त्यांच्याजवळ सरकली. दोघींमध्ये तो फोन होता, लोकरीच्या पिशवीत, चालू.

बारशाच्या त्या गुरुवारी सकाळी, स्कूटरची किल्ली घेण्याआधी, ऋतुराजनं ऑफिसच्या बॅगेतल्या पट्टीतून गोळी काढून गिळली होती, आणि आई घरी नव्हती म्हणून पेला स्वतः विसळून ओट्यावर पालथा घातला होता.